कोपर

मी पान लावतो.
धुळ्यात, गल्ली नंबर सहामध्ये, जिन्याखालच्या खोलीत,
रात्री नऊपासून शेवटची प्लेट उतरेपर्यंत.
माणसं मला सेंटिमीटरमध्ये कळतात:
सभापती आठ, माजी सभापती तीन,
श्रद्धांजली जेवढे पैसे भरले तेवढी.

मालक खाली येत नाहीत.
त्यांचा फोन येतो, तोही कधीमधी,
आवाज असा की चहात साखर किती, एवढंच विचारताहेत:
"बोरसे जरा डावीकडे बसतील का?"
मग बोरसे डावीकडे बसतात,
अगदी घडीवर,
जिथं अंक दुमडला की माणूस मोडतो.

सुकलालआप्पा बोरसे. आमदार.
आमच्याच पानांवर वाढलेला,
टोमॅटोच्या झाडाला काठी लावावी
तशी रोज दोन कॉलमची काठी.
त्यानं अधिवेशनात एक तारांकित प्रश्न टाकला:
जुन्या जिनिंगची एकोणीस एकर
कोणाला, कितीला, कशी?
कोणाला, ते गावात शेंबड्या पोरालाही माहीत होतं.
म्हणून तर कोणी विचारत नव्हतं.

त्या रात्री फोन आला नाही.
संपादक स्वतः खाली आले, चष्मा पुसत म्हणाले,
"आप्पा आजपासून नाहीत."
मला वाटलं, गेले.
मी हात जोडणार होतो.

त्रेचाळीस दिवस नव्हते.
पुलाचं उद्घाटन झालं, फीत आपोआप कापली गेली.
कुसुंब्याच्या कुस्त्यांत बक्षिसं वाटली
"मान्यवरांनी".
एकदा डोळे तपासणीच्या शिबिराचा फोटो आला,
आप्पा बरोब्बर मधोमध.
मधला माणूस काढणं अवघड असतं.
उरलेले दोघं एकमेकांकडे सरकवावे लागतात,
सावल्या जुळत नाहीत.
मी काढला.
घाईत एक कोपर राहून गेलं,
कलेक्टरच्या बगलेतून उगवल्यासारखं.

तिसऱ्या दिवशी केसरमाय आली.
लामकानीकडून, पहिल्या एसटीनं,
कमरेला तंबाखूची डबी, हातात चौघडी केलेला अंक.
जिन्यातच बसली. मला बोलावलं.
कोपरावर बोट ठेवलं:
"हाई मना आंडोरनं शे.
गाडावरतीन पडना व्हता ल्हानपने,
तो वण दख."
पाहिला. मीच लावलेल्या पानात
मला न दिसलेला, बोराच्या बीएवढा.
मग तिनं विचारलं,
चिडून नाही, दुकानात उरलेले सुटे मागावेत तसं:
"बाकीना कोठे शे?"

मी म्हणालो, मशीनमध्ये बिघाड होता.
चहा मागवला. तिनं घोटभर घेतला,
बाकी बशीत तसाच ठेवून गेली.

चव्वेचाळिसाव्या दिवशी मालकांच्या मळ्यात
नातवाचं जाऊळ. वरण-बट्टीच्या पंगती.
आप्पा तुपाची तपेली घेऊन ताटांवर वाकत फिरले,
घ्या, घ्या ना, एवढ्यानं काय होतं.
मालक लांब खाटेवर, कॅमेऱ्याकडे पाठ करून,
वांग्याची भाजी बोटानं चाखत.
त्या प्रश्नाचं पुढं काय झालं, मला माहीत नाही.
असेल विधानभवनाच्या कागदांत कुठंतरी,
तारा गळून पडलेला.

रात्री फोन आला.
"आप्पा चार कॉलम. पूर्ण घ्या."

पूर्ण घेतले.
टोपी, हसू, तपेली, दोन्ही हात,
दोन्ही कोपरं, वणासकट.
एक केसही कापला नाही.
स्क्रीनवर मोठे केले, अजून मोठे केले,
नुसते ठिपके उरेपर्यंत शोधत राहिलो,
आणि जिन्यात बसलेली ती म्हातारी
माझ्याच तोंडून पुटपुटली:
बाकीना कोठे शे?

प्लेटवाला ओरडला, पान सोड,
साक्रीची गाडी निघतेय.

मी सोडलं.